धूर, धुकं आणि ओलं सरपण

चैत्र-वैशाखात पुण्याजवळच्या लवळ्याच्या टेकडीवरून पश्चिमेकडे पाहिलं, तर मुळशी तालुक्याच्या अंगाने जागोजागी धुराच्या रेघा वर चढताना दिसतात. भाताचं बी टाकण्याआधी शेतकरी राब भाजत असतात. शेण, पालापाचोळा, तोडून वाळवलेला टहाळ, वर मातीचा हात असे थर रचायचे आणि वाफ्याला आग लावायची. तणाचं बी जळतं, रोपाला राख मिळते. तीन-चार महिन्यांनी त्याच उतारांवर तसंच काहीतरी पांढुरकं तरंगत असतं, पण ते श्रावणातलं धुकं. लांबून पाहणाऱ्याची दोन्हींत गल्लत होऊ शकते. गावातल्या माणसाची होत नाही. त्याला महिना ठाऊक असतो, वारा ठाऊक असतो आणि ते खाचर कुणाचं हेही ठाऊक असतं.

डोंगरावरचा धूर हे भारतीय तर्कशास्त्रातलं सगळ्यात घासलेलं उदाहरण. स्वयंपाकघरात चुलीपाशी धूर आणि आग एकत्र पाहिलेली असते. तळ्यात आग नसते, तिथे धूरही नसतो. म्हणून डोंगरावर धूर दिसला की आग न दिसताही ती आहे असं म्हणता येतं. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ लिहिला तो नवशिक्यांसाठी, आणि त्यातही हाच डोंगर आहे, हाच धूर आहे. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांनी केलेली त्याची सटीप आवृत्ती १८९७ साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली. शिकायला सोपं, पाठ करायला सोपं, म्हणून पुष्कळांना हे उदाहरण पोरकट वाटतं. डोंगर सोडून रुग्णाच्या खाटेपाशी गेलं की ते पोरकट राहत नाही.

याच टेकडीच्या परिसरात सिंबायोसिसचं विद्यापीठ रुग्णालय आहे आणि मुलींचं वैद्यकीय महाविद्यालयही आहे. मुळशीतल्या वाड्या-वस्त्यांवरून अशा रुग्णालयांकडे येणाऱ्या आजारांत एक आजार असा, की त्याचं गावातलं नावच एक तत्त्वज्ञान सांगतं. पुस्तकात पक्षाघात, बोलण्यात लकवा किंवा अर्धांगवायू, आणि म्हातारी माणसं म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ चरकसंहितेतही हा आजार वातव्याधींतच घातलेला आहे. म्हणजे शब्द जुनाच, पण त्यात एक जाण आहे: आपल्यातून काहीतरी आरपार गेलं आणि जाताना अर्धं अंग घेऊन गेलं. आजचं वैद्यक सांगतं की वारं नव्हे, रक्त अडलं किंवा सांडलं. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. एवढं आता पुष्कळ घरांत माहीत झालं आहे, आणि ते माहीत होणं फार मोलाचं आहे.

मात्र घरच्यांच्या मनातली लढाई तिथेच संपते. पहिला दिवस निभावला, डोळे उघडले, हाताला हात लागला तर बोटं किंचित हलली. धोका टळला, असं फोनवरून गावाला कळवलं जातं. खरी गोष्ट अशी की पहिल्या आठवड्यातला एक मोठा धोका मेंदूबाहेरून येतो. जगभरातल्या ८७ अभ्यासांची एकत्र मोजदाद २०११ साली झाली. तीत तीव्र पक्षाघाताच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना कुठला ना कुठला जंतुसंसर्ग झाल्याचं दिसलं, दहातल्या साधारण एकाला न्यूमोनिया, तेवढ्याच जणांना मूत्रमार्गाचा. न्यूमोनिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. मेंदूत गुठळी, आणि जीव जातो छातीत. असं का व्हावं, आणि ते वेळेवर ओळखायचं कसं? पहिला प्रश्न शरीरशास्त्राचा वाटतो, दुसरा निदानाचा. दोन्ही खोदत गेलं की खाली तोच जुना डोंगर लागतो.

आधी धूर. संसर्गाचा धूर म्हणजे ताप. त्याच्या जोडीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढणं, सीआरपी नावाचं प्रथिन वाढणं, छातीच्या एक्स-रेत पांढरा डाग दिसणं. एरवी ही चिन्हं पुरेशी असतात. पक्षाघातात ती सगळी एकाच वेळी संशयास्पद होतात. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूतच आहे. मेंदूला इजा झाली तर कुठलाही जंतू नसताना ताप चढू शकतो. पांढऱ्या पेशी नुसत्या ताणाच्या संप्रेरकांनीही वाढतात. मेंदूची ऊती मरते, तिची साफसफाई सुरू होते आणि सीआरपी वर जातं. हे सगळं धुकं. दिसायला धुरासारखं, पण खाली आग नाही. न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी ही चूक फार पूर्वी हेरली होती. वाफ किंवा धूळ पाहून तिला धूर समजणाऱ्याचा तर्क नियमाने बरोबर असतो, त्याचं पाहणं चुकलेलं असतं.

उलट बाजू जास्त भयंकर आहे. ७८ वर्षांची आजी, उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. ताप नाही, खोकला नाही. नातू म्हणतो, ‘आज आजी शांत आहे, झोप चांगली लागली.’ ती झोप नसते. फुफ्फुसात जंतू वाढत असतात आणि ग्लानी हेच त्याचं एकमेव चिन्ह असतं, फार तर श्वासाची वाढलेली गती. आग आहे आणि धूर नाही.

यावरही अन्नंभट्टाच्या परंपरेकडे उदाहरण आहे. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा. त्यात आग आहे, धुराचा मागमूस नाही. म्हणून ‘धूर आहे म्हणजे आग आहे’ हे चालतं, पण ‘आग आहे म्हणजे धूर असेलच’ हे चालत नाही. का चालत नाही? नैयायिकांचं उत्तर विलक्षण नेमकं आहे. धूर नुसत्या आगीतून निघत नाही, तो आगीचा ओल्या सरपणाशी संबंध आला तरच निघतो. ही मधली अट, तिला ते उपाधी म्हणतात. ओलं सरपण नसेल तर कितीही आग असो, धूर दिसणार नाही. आणि धूर नाही म्हणून आग नाही, असं म्हणणारा माणूस फसेल.

ताप जंतू आणत नाहीत. जंतूंशी शरीराची गाठ पडते आणि त्या झटापटीत शरीर ताप आणतं. पू, सूज, खोकल्याचा बेडका, ही सगळी प्रतिकाराची कामं. रोगप्रतिकारशक्ती हेच ते ओलं सरपण. ती जिवंत असेल तरच धूर निघेल. मग पक्षाघातात नेमकं हे सरपणच सुकलं असेल तर?

तेच होतं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या प्रास, मायझेल, डिर्नागल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांच्या रक्तातल्या, प्लीहेतल्या लिम्फोसाइट पेशी झपाट्याने घटल्या आणि काही दिवसांत त्यांना आपोआप न्यूमोनिया व रक्तात जंतुसंसर्ग झाला. बाहेरून कुणी जंतू टोचले नव्हते. मग त्यांनी प्रोप्रानोलॉल दिलं, म्हणजे रक्तदाबासाठी घराघरांत माहीत असलेल्या जातीचं औषध, जे ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा हुकूम पेशींपर्यंत पोचू देत नाही. संसर्ग टळला, जास्त उंदीर जगले. याचा अर्थ असा की जखमी मेंदूनेच अनुकंपी चेतासंस्थेमार्फत सैन्याला हुकूम दिला होता: शस्त्रं खाली ठेवा. माणसांतही पक्षाघातानंतरच्या तासा-दिवसांत लिम्फोसाइट कमी होतात, आणि जितकी इजा मोठी तितकी ही घट जास्त दिसते.

स्वतःच्या संरक्षणाच्या ऐन वेळी शरीराने असं का करावं?

एक उत्तर मोठं मोहक आहे. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक पक्का पडदा असतो. पक्षाघातात तो फाटतो आणि मेंदूतली प्रथिनं, जी पहारेकरी पेशींनी फारशी कधी पाहिलेली नसतात, बाहेर सांडतात. सैन्य पूर्ण जोमात असेल तर ते या अनोळखी प्रथिनांना शत्रू समजेल आणि स्वतःच्याच मेंदूवर चालून जाईल. ते टाळण्यासाठी शरीर आपली धार बोथट करतं. सिएटलच्या कायरा बेकर यांच्या संशोधनात याला आधार सापडतो. पक्षाघाताच्या वेळी संसर्गासारखी प्रतिक्रिया चेतवलेल्या प्राण्यांत मेंदूतल्या प्रथिनांविरुद्ध पेशी खवळलेल्या दिसल्या. रुग्णांतही न्यूमोनिया आणि अशा स्वविरोधी प्रतिक्रियेचा संबंध आढळला.

म्हणजे शरीराने मेंदू वाचवायला फुफ्फुस उघडं टाकलं. ऐकायला हे एखाद्या पुराणकथेसारखं आहे, आणि म्हणूनच इथे सावध व्हायला हवं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३२ साली ‘शरीराचं शहाणपण’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं तेव्हापासून शरीराला शहाणं म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे. आपल्याकडे ती त्याहून जुनी आहे, फक्त शहाणपण शरीराचं नसून देवाचं म्हणायचं. पण रानात मोठा पक्षाघात झालेला प्राणी त्याच दिवशी कुणाचं तरी भक्ष्य होतो. तो दहाव्या दिवसापर्यंत जगून पिलं जन्माला घालत नाही. मग दहाव्या दिवसासाठीचं हे शहाणपण निसर्ग कुठून शिकला असेल? हा हुकूम एखाद्या वेगळ्याच संकटासाठीचा जुना हुकूम असू शकतो, चुकीच्या घरी पोचलेल्या पत्रासारखा. शरीराच्या प्रत्येक वागण्यात हेतू शोधणं ही श्रद्धेची एक रीत आहे, तिचा मान ठेवावा. पण त्या श्रद्धेपोटी ‘शरीर आपलं आपण बघून घेईल’ असं म्हणून हात बांधून बसणं, हे या आजारात महाग पडतं.

या गोष्टीचा आणखी एक पदर ‘मी’ या शब्दालाच हात घालतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी प्रतिकारशक्तीचं सगळं शास्त्र एका द्वंद्वावर उभं केलं: आपलं आणि परकं. शरीर आपलं ओळखतं, सोडून देतं. परकं ओळखतं, मारतं. १९६० साली त्यांना पीटर मेडावर यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हे द्वंद्व अजून पाठ्यपुस्तकांत आहे. पण बर्नेट यांच्याच मेलबर्न शहरातून २०१६ साली आलेल्या एका अभ्यासाने पक्षाघाताच्या खाटेवर त्याची पंचाईत केली. पक्षाघात झालेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत सापडलेले जंतू बाहेरून आलेले नव्हते, ते त्यांच्याच आतड्यांत आयुष्यभर राहणारे होते. आतड्याची भिंत सैल झाली आणि घरातलेच भाडेकरू माडीवर चढले. रुग्णांच्या नमुन्यांतही सापडलेले बरेचसे जंतू आतड्यात नेहमी राहणाऱ्या जातींचे होते.

मग परकं कोण? मेंदूचं प्रथिन जन्मापासून आपलं, पण सैन्याच्या नजरेत अनोळखी. आतड्यातला जंतू जन्मतः परका, पण सत्तर वर्षं सोबत राहून आपला झालेला. गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटलं आहे आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. शेताच्या बांधावर बसलेला शेतकरी डोळ्यांपुढे आणावा, असं ते रूपक आहे. क्षेत्र म्हणजे शेत, आणि शेतात नुसतं एकाचं पीक नसतं. गांडूळ, बुरशी, तण, उंदीर, पाखरं सगळी त्यात येतात. प्रतिकारशास्त्राचा किल्ला या आजारात ढासळतो आणि शेताचं रूपक उभं राहतं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. हा विज्ञानाला ग्रंथातून मिळालेला दाखला नव्हे. तसं म्हणणं ग्रंथाचाही अपमान आणि विज्ञानाचाही. पण विचार करायला शब्द लागतात, आणि हा शब्द जवळ होता.

याच तेराव्या अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वर अहिंसेपाशी थांबतात आणि बराच वेळ पुढे जात नाहीत. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली पूर्ण झालेल्या त्यांच्या ग्रंथातला हा भाग वाचकाला चकित करतो, कारण तिथे आयुर्वेदावरही बोट ठेवलेलं आहे. एक जीव वाचवायला दुसरे जीव मारायचे, झाडं मुळासकट उपटायची, आणि त्याला उपकार म्हणायचं, हा सगळा हिंसेच्याच वाटेचा व्यवहार, असा त्यांचा रोख आहे. वैद्यकाला हे बोचायला हवं. औषध म्हणजे निवडून केलेली हिंसा, हे सात शतकांपूर्वी एवढ्या स्वच्छपणे कुणी म्हटलं होतं.

अँटिबायोटिक ही तर उघड उघड जीवहत्याच. पक्षाघातात ती आधीच करून टाकावी, असा विचार पुढे आला तो हुशारीचा होता. धूर विश्वासाचा नाही ना, मग धूर दिसायची वाट कशाला पाहायची? प्रत्येक डोंगरावर आधीच पाणी मारून ठेवू. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. नेदरलँड्समध्ये २,५०० हून अधिक रुग्णांत निम्म्यांना पहिल्या दिवसापासून सेफ्ट्रिॲक्झोन दिलं. मूत्रमार्गाचे संसर्ग कमी झाले, पण न्यूमोनिया त्या मानाने हटला नाही आणि तीन महिन्यांनी रुग्ण किती सावरले यात फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये गिळता न येणाऱ्या १,२०० हून अधिक रुग्णांत तसंच केलं. तिथेही न्यूमोनिया कमी झाला नाही. ओळखण्याचे कष्ट टाळून केलेली हिंसा निष्फळ ठरली, आणि तिची किंमत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या रूपाने पुढचे रुग्ण भरतात. खरा संसर्ग झाला की अँटिबायोटिक द्यावंच लागतं, ताबडतोब द्यावं लागतं, त्यात धर्मसंकट नाही. प्रश्न फक्त न पाहता मारण्याचा आहे.

न पाहता मारण्याइतकंच न पाहता प्रेम करणंही इथे घातक ठरतं. आणि आता पाण्याविषयी बोलायला हवं.

आपल्या संस्कृतीत पाणी पाजण्याएवढं निर्विवाद पुण्य दुसरं नाही. वाटेवर पाणपोई घालणारा माणूस कुठल्या पंथाचा हे कुणी विचारत नाही. पैठणच्या एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा मराठी मुलाला अक्षरओळखीच्या आधी कळते. आणि अंतकाळी ओठांत तुळशीपत्र, गंगाजलाचे दोन थेंब. ज्याने आयुष्यभर सगळ्यांना जेवू घातलं त्याला कोरड्या तोंडाने जाऊ द्यायचं, या कल्पनेनेच मुलगा कासावीस होतो.

पक्षाघाताच्या सुमारे निम्म्या रुग्णांना पहिल्या दिवसांत नीट गिळता येत नाही. घशाचे स्नायू लुळे, घशाची संवेदना बधिर. पाण्याचा चमचा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि रुग्णाला ठसकाही लागत नाही. ठसका हाही धूरच, आणि तोही विझलेला. पाण्याबरोबर तोंडातले जंतू फुफ्फुसात जातात, जिथे सैन्याने नुकतीच शस्त्रं खाली ठेवली आहेत. म्हणून खाटेपाशी पाटी लागते, ‘तोंडाने काहीही देऊ नये’, आणि वॉर्डात रोज एक छोटं महाभारत घडतं. ‘सिस्टर, दोन थेंब तरी.’ ‘तीर्थ आहे हो, तीर्थाने काय होतंय?’ सिस्टर नाही म्हणतात. मग त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या की पदराआडून वाटी निघते. हे करणारी माणसं अडाणी नसतात, निष्काळजी तर मुळीच नसतात. त्यांच्या हाताला कित्येक शतकांचं वळण आहे, आणि त्या वळणाशी ‘अडाणीपणा’ म्हणून बोललं तर कुणीही ऐकणार नाही.

बोलायचं तर त्याच भाषेत बोलता येतं. एकनाथांच्या कथेत पुण्य पाण्यात नव्हतं. पाणी तर इतर यात्रेकरूंच्या कावडींतही होतं. नाथांनी रामेश्वराचा ठरलेला विधी बाजूला ठेवून समोरच्या जीवाला त्या क्षणी काय हवं ते पाहिलं. हे पाहणं खरं असेल, तर तेच पाहणं या खाटेपाशी सांगेल की आत्ता पाणी नको. विधी इथेही बाजूला ठेवायचा आहे, फक्त यावेळी विधी आहे पाणी पाजण्याचा. तीर्थ प्यायल्यावर ओला हात डोळ्यांना आणि मस्तकाला लावायची रीत प्रत्येक देवळात आहे. अंगावर पाणी शिंपडून शुद्ध होण्याचं मार्जनही परंपरेतलंच. मग कपाळाला लावलेलं तीर्थ कमी पोचतं, असं कुठलं शास्त्र म्हणेल? ओठ ओल्या कापडाने टिपावेत. आणि दिवसातून अनेकदा तोंड आतून स्वच्छ करावं, दात, टाळू, जीभ, कवळी असेल तर ती काढून. हे काम कुणाला पूजेचं वाटत नाही. फुफ्फुसाला ते गंगाजलाच्या थेंबांपेक्षा कितीतरी जास्त वाचवतं.

नाकातल्या नळीचंही तसंच. ‘नळी नको, हाल नका करू’ असं म्हणताना घरच्यांच्या डोळ्यांपुढे शेवट असतो. बऱ्याच रुग्णांत ती नळी काही दिवसांची किंवा आठवड्यांची असते. गिळणं परत येतं. प्रशिक्षित परिचारिका रुग्णाला ताठ बसवते, एक चमचा पाणी देते, घशावर बोट ठेवते, मग ‘आ’ म्हणायला लावते आणि आवाज ओलसर, घोगरा झाला का ते ऐकते. एका चमच्याची परीक्षा. ज्या घरात पाणी न मागता मिळत होतं, त्या घरातल्या माणसाने पाण्यासाठी परीक्षा देणं पाहवत नाही, हे खरं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात सँडी मिडलटन आणि सहकाऱ्यांनी १९ पक्षाघात कक्षांत एक साधी गोष्ट करून पाहिली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. परिचारिकांना तीन गोष्टींचा पहारा नेमून दिला: ताप दर चार तासांनी मोजायचा आणि चढला की उतरवायचा, साखर सांभाळायची, गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नाही. २०११ साली निकाल आले. नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या कक्षांत ९० दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण ५८ टक्के होतं. पहारा असलेल्या कक्षांत ते ४२ टक्क्यांवर आलं. नव्या औषधाशिवाय मिळालेला हा फरक थक्क करणारा आहे. याची बातमी व्हायला हवी होती. आपल्याकडे फारशी झाली नाही, कारण परिचारिकेच्या हाताची बातमी होत नाही.

लवळ्याच्या रुग्णालयाने २०२० मध्ये कोविडचे रुग्ण घेतले, तेव्हा सगळ्या पुणे जिल्ह्याने ‘धुराशिवाय आग’ पाहिली. रक्तातला ऑक्सिजन खाली गेलेला आणि रुग्ण फोनवर गप्पा मारतोय. तेव्हा प्रत्येक घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं आणि लोक तासातासाने आकडे लिहून ठेवायला शिकले. दम लागत नाही म्हणजे सगळं ठीक, हा तर्क त्या वर्षी लाखो घरांनी सोडून दिला. ही शिकवण पक्षाघाताच्या खाटेपाशी वापरता येते, ती अजून विस्मरणात गेलेली नाही.

ज्ञानेश्वरांच्या त्या लांबलेल्या अहिंसेकडे परत यायला हवं. शस्त्र खाली ठेवणं म्हणजे अहिंसा असेल, तर पक्षाघात झालेलं शरीर परम अहिंसक म्हणावं लागेल, आणि ते मरतं. ज्ञानेश्वरांना ते अभिप्रेत नाही. ते अहिंसा सांगताना माणसाच्या अवयवांचं वर्णन करतात. पाऊल कसं पडतं, नजर कशी पडते. आणि मग हात. तो हात दुखवायला उठत नाही, पण रिकामाही राहत नाही. पडलेल्याला उचलायला आणि पीडिताला हलकेच स्पर्श करायला तो पुढे होतो. दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, खाटेचं डोकं उंच ठेवणं, पाठ पाहणं, लघवीची नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त न ठेवणं, तोंड पुसणं. ज्याची स्वतःची प्रतिकारशक्ती काही दिवस रजेवर गेली आहे, त्याची प्रतिकारशक्ती या हातांत येते. ‘मी’ची सीमा कातडीपाशी संपते, हे गृहीत धरलेल्या शास्त्राला आणि अध्यात्मालाही या खाटेपाशी पुन्हा विचार करावा लागतो. मावशी, मामा, सिस्टर, सून, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा भाऊ, हे सगळे त्या काही दिवसांत त्या देहाचा भाग असतात. आणि हे काम आपल्या घरांत बहुतेक वेळा बायकांच्याच वाट्याला येतं, त्याला सेवा म्हणून गौरवायचं आणि पाळी मात्र बदलायची नाही, हा अन्याय आहे. पहारा एकाच माणसावर टाकला की तो डुलकी घेणारच.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी पॅरिसमध्ये ४५ वर्षांच्या लुई पाश्चर यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. अँटिबायोटिक नव्हतं, सलाईन नव्हतं, जंतूंमुळे रोग होतात हेही अजून सिद्ध व्हायचं होतं, आणि ते सिद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा असणार होता तेच खाटेवर होते. पत्नी मारी आणि शिष्य पाळ्या लावून उशाशी बसले. आठवड्याभरात पाश्चर यांनी शिष्याला तोंडी टिपण सांगून लिहून घेतलं. त्यानंतर ते जवळजवळ २७ वर्षं जगले, डावा हात आणि डावा पाय कायमचे अधू ठेवून. कोंबड्यांच्या कॉलऱ्याची, अँथ्रॅक्सची, १८८५ ची पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस, हे सगळं त्या ऑक्टोबरनंतरचं. त्यांच्या संस्थेत काम केलेले हाफकिन पुढे भारतात आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाची. तेच १८९७ साल, ज्या वर्षी त्याच मुंबईत ‘तर्कसंग्रहा’ची ती आवृत्ती छापून निघाली. जगाला प्रतिकारशक्ती टोचून देणारी परंपरा ज्या माणसाने पुढे नेली, तो स्वतः त्या पहिल्या आठवड्यात इतरांच्या जागरणावर तगला होता.

राब भाजताना मुळशीतला शेतकरी आग लावून घरी जात नाही. हिरवा डहाळा हातात घेऊन तो बांधावर थांबतो. वारा फिरला तर ठिणगी गवतात जाते आणि वाळलेलं गवत जळताना धूर फार थोडा होतो. दुपारच्या उन्हात ज्वाळही दिसत नाही. तो हवेचा थरथराट पाहतो, जमिनीला हात लावून पाहतो.

रुग्णालयात पहाटे तीनला वॉर्डातले दिवे मंद असतात. सिस्टर खाटेपाशी येतात, थर्मामीटर लावतात. ९८.२. रुग्ण शांत झोपलेला आहे, असं खुर्चीत बसलेली मुलगी हलक्या आवाजात सांगते. सिस्टर मान डोलावतात, पण निघत नाहीत. चादर थोडी खाली घेतात, मनगटावरच्या घड्याळाकडे नजर ठेवून छातीची वर-खाली मोजतात, पूर्ण एक मिनिट. २८. फाईलमध्ये आकडा लिहितात आणि डॉक्टरांना फोन लावतात.